एका नकाशावरची जागा दुसऱ्या नकाशावर नेमकी कशी बसवायची?

सावित्रीकाठ

नमस्कार मंडळी,

मुंबई-गोवा महामार्गावर अपघात झाला की पहिल्या मदतीला धावणारा आमचा गावोगावच्या लोकांचा एक गट आहे, माणगाव ते खेड या पट्ट्यात. गेली काही वर्षं आम्ही रस्त्यावरच्या उपयोगी जागा नोंदवत आलोय. गाड्या हमखास घसरतात ती वळणं, दुभाजकातली फट, सेवा रस्त्यावरून मुख्य रस्त्यावर चढायची जागा, दवाखान्याचं मागचं फाटक, क्रेनवाल्याचं घर. प्रत्येक जागेचे अक्षांश-रेखांश आहेत. नोंदी केल्या ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून भरलेल्या मोफत नकाशावर, चालणाऱ्या ॲपमध्ये. रुग्णवाहिकेचे चालक गूगल मॅप्स लावतात. आणि ज्यांना आम्ही यादी पाठवतो त्यांच्या संगणकावर तिसराच नकाशा आहे.

आकडे तेच, पण जागा भलत्याच रस्त्यावर जाऊन बसतात. उड्डाणपुलावरची खूण खालच्या सेवा रस्त्यावर उतरते. गोव्याकडे जाणाऱ्या बाजूची खूण मुंबईच्या बाजूला चिकटते, मग गाडीला पुढची फट गाठून उलटं यावं लागतं. कशेडीला तर जुना घाट आणि नवा बोगदा, त्यामुळे दोन्ही तोंडांपाशी गोंधळच गोंधळ. जखमी माणूस रस्त्यावर असताना या दहा मिनिटांची किंमत काय असते ते वेगळं सांगायला नको.

ही यादी तिन्ही नकाशांवर बरोबर बसेल अशी कशी करायची? जाणकारांनी कृपया सांगा.

कांदेपोहे_कोडर

सोपं आहे. पोस्टजीआयएसमध्ये (नकाशाची माहिती साठवून शोधायचं मोफत साधन) नकाशा चढवा, प्रत्येक बिंदूसाठी सर्वांत जवळची रेषा शोधा, २५ मीटरच्या आत असेल तर तिथं चिकटवा, नसेल तर बाजूला काढा. अर्ध्या दिवसाचं काम. हवं तर क्वेरी लिहून देतो.

मुक्ता_नाशिक

कोडर, अर्ध्या दिवसात चिकटतील हो, पण कुठं चिकटतील? त्यांची तक्रार नेमकी तीच आहे!

मोकळ्या आकाशाखाली फोनच्या जीपीएसची चूक साधारण ५ मीटर धरतात. घाटाची भिंत, दाट झाडी, उड्डाणपुलाचा तळ आला की ती कितीही वाढते. चौपदरी रस्त्यावर मुख्य रस्त्याची मध्यरेषा आणि सेवा रस्त्याची मध्यरेषा यांत दहा-पंधरा मीटर असले तर असले. शिवाय नकाशा काढणाऱ्याने उपग्रहाच्या चित्रावरून रेघ ओढलेली असते आणि ते चित्र स्वतःच काही मीटर सरकलेलं असू शकतं. या सगळ्या चुका एकाच बाजूला झुकल्या की सर्वांत जवळची रेषा चुकीचीच निघणार. माळरानावरच्या एकट्या रस्त्याला तुमची क्वेरी उत्तम चालेल, पण अपघात होतात ते रस्ते एकटे नसतात.

सावित्रीकाठ, एक आधी तपासा. यादीत दशांश चिन्हापुढं किती अंक आहेत? चार अंक म्हणजे ११ मीटरची पायरी, पाच अंक म्हणजे साधारण १ मीटरची. एक्सेलमध्ये कुणी आकडे छाटले असतील तर तिथंच निम्मं नुकसान झालेलं असतं.

वडाचा_पार

आमच्या गावात पत्ता म्हणजे "वडाच्या पुढं डावीकडं". कुठलाही नकाशा उघडा, वड जागचा हलत नाही! 😄

घाटवाट

वडाचा_पार, महामार्गाच्या रुंदीकरणात आमच्याकडचे वड मुळासकट गेले. आता बस थांबवायला सांगताना म्हातारी माणसं "वड होता तिथं" म्हणतात आणि नवीन कंडक्टर त्यांच्या तोंडाकडे बघत राहतो.

शाखा_अभियंता_निवृत्त

सावित्रीकाठ, तुमचं काम फार मोलाचं आहे.

आमच्या खात्याचा सगळा जन्म अक्षांश-रेखांशाशिवाय गेला. आम्ही लिहायचो "कि.मी. १२/४००, डावी बाजू". रस्ता कुठला, सुरुवातीपासून किती अंतरावर आणि कुठल्या बाजूला, एवढं कळलं की मुकादम बरोबर त्या मोरीवर जाऊन उभा राहायचा. याला आम्ही साखळी क्रमांक म्हणतो. दहा मीटर इकडेतिकडे झाले तरी माणूस चुकीच्या रस्त्यावर जात नाही, कारण रस्ता आधीच ठरलेला असतो. तुमच्या यादीत नेमकी हीच माहिती नाही असं दिसतं.

तोटाही सांगतो. वळणरस्ता झाला की अंतर बदलतं. पुढचे दगड जिथल्या तिथं ठेवले तर मधला एखादा किलोमीटर हजार मीटरचा राहत नाही. दगड हलवले तर मागचे सगळे कागद चुकतात. म्हणूनच प्रकल्प अहवालात अस्तित्वातील साखळी आणि प्रस्तावित साखळी असे दोन रकाने असतात. भरीला रस्त्यांचे क्रमांकही बदलले. २०१० च्या फेररचनेत तुमचा १७ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग ६६ झाला, पुण्या-मुंबईचा ४ नंबर ४८ मध्ये गेला. जुन्या पंचनाम्यातून जागा घेणार असाल तर त्यातला किलोमीटर कुठल्या काळातला आहे ते आधी पाहा.

तांत्रिक_तात्या

डाक विभागाने २०२५ मध्ये डिजिपिन आणला तो कशासाठी? दहा अक्षरांत साऱ्या देशातला ४ मीटर गुणिले ४ मीटरचा चौकोन सांगता येतो. प्रत्येक जागेला डिजिपिन द्या, विषय संपला.

मुक्ता_नाशिक

तात्या, डिजिपिन चांगलाच आहे. घराचा पत्ता सांगायला, टपाल पोचवायला उपयोगाचा. पण तो अक्षांश-रेखांशच वेगळ्या रूपात सांगतो. उड्डाणपुलावरची गाडी आणि तिच्या बरोबर खाली उभी असलेली गाडी, दोघींचा डिजिपिन एकच. कुठल्या दिशेने जायचं हेही त्यात नाही. इथं चौकोन सापडतो, रस्ता सापडत नाही.

तांत्रिक_तात्या

हं. पुलाचं लक्षात आलं नव्हतं. पटलं.

कालव्याकाठी

मी नेदरलँड्समध्ये असतो. रोजचं काम याच विषयातलं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

गाड्यांमध्ये नकाशे आले तेव्हा युरोपात हाच प्रश्न उभा राहिला. वाहतूक कोंडीची बातमी देणारा एका कंपनीचा नकाशा वापरतो, गाडीत दुसऱ्या कंपनीचा. कोंडी "कुठं" आहे हे गाडीला कसं कळवायचं? पहिला उपाय टीएमसी. एफएम रेडिओच्या लहरींवरून संदेश यायचा आणि त्यात जागेचा ठरीव क्रमांक असायचा. सगळ्यांकडे एकच कोष्टक, अमुक क्रमांक म्हणजे अमुक चौक. पण क्रमांकाला १६ बिट, म्हणजे एका कोष्टकात जेमतेम ६५ हजार जागा. मोठ्या रस्त्यांचे चौक भरले की संपलं. शिवाय ते कोष्टक सतत सांभाळायला माणसं हवीत, आणि गाडीतला नकाशा जुना असला की नवा चौक त्याला ठाऊकच नाही.

मग २००९ मध्ये टॉमटॉम या नकाशा कंपनीने ओपनएलआर ही जागा कळवायची पद्धत खुली केली. त्यात कोष्टकच नाही. जागा पाठवताना तिच्या आजूबाजूच्या रस्त्याचं वर्णन पाठवायचं, समोरचा ते वर्णन वाचून आपल्या नकाशात तसा रस्ता शोधतो. रस्त्यावरच्या एका बिंदूसाठी साधारण असं होतं. बिंदू ज्या तुकड्यावर आहे त्याची दोन्ही टोकं घ्यायची, शक्यतो चौक. प्रत्येक टोकाबरोबर अक्षांश-रेखांश, रस्त्याचा दर्जा, रस्त्याचा प्रकार (दुभाजक असलेला, एकेरी, चढउताराचा फाटा वगैरे) आणि दिशा द्यायची. दिशा म्हणजे त्या टोकापासून रस्त्यावर २० मीटर सरकलं की तोंड कुठं होतं ती. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंतचं रस्त्यावरचं अंतर द्यायचं. शेवटी पहिल्या टोकापासून बिंदू किती पुढं, आणि रस्त्याच्या कुठल्या बाजूला.

समोरचा काय करतो? टोकांच्या आसपासच्या सगळ्या रेषा उमेदवार म्हणून उभ्या करतो. अंतर, दिशा, दर्जा, प्रकार यांवरून प्रत्येकीला गुण देतो. वरचढ जोडी घेऊन त्यांच्यामधली सर्वांत जवळची वाट काढतो आणि तिची लांबी सांगितलेल्या अंतराशी ताडून पाहतो. जुळली तर तेवढं अंतर चालून बिंदू लावतो. नाही जुळली तर पुढची जोडी. काहीच जुळलं नाही तर "सापडलं नाही" म्हणतो, आणि मला यातली ही गोष्ट सर्वांत जास्त आवडते. चुकीच्या रस्त्यावर खूण ठेवण्यापेक्षा न ठेवलेली बरी.

शुभदा_आ

कालव्याकाठी, वाचलं, पण मला अर्धं डोक्यावरून गेलं. दुभाजकातल्या फटीचं उदाहरण घेऊन सांगाल का? सावित्रीकाठ यांच्यासारखे आणखीही वाचत असतील.

कालव्याकाठी

नक्की, शुभदाताई.

समजा दुभाजकातली एक फट आहे, गोव्याकडे जाणाऱ्या बाजूला. फोनने दिलेला बिंदू घेतला तर त्याच्या २० मीटरच्या आत तीन रेषा येतात. एक, गोव्याकडे जाणारा मुख्य रस्ता. दोन, मुंबईकडे येणारा मुख्य रस्ता. तीन, सेवा रस्ता. समजा सेवा रस्ता सर्वांत जवळ, ६ मीटरवर आहे. नुसतं अंतर बघितलं तर तोच जिंकतो.

आता वर्णन लावा. "राष्ट्रीय महामार्गाच्या दर्जाचा रस्ता" म्हटल्याबरोबर सेवा रस्ता बाद, कारण त्याचा दर्जा खालचा. "दिशा साधारण दक्षिण-आग्नेय, एकेरी" म्हटलं की मुंबईकडे येणारी रेषा बाद, ती बरोबर उलट्या तोंडाची. उरली एकच, अंतराने ती दुसऱ्या नंबरवर असली तरी. मग "मागच्या फाट्यापासून ३४० मीटर पुढं" हे मोजून त्या रेषेवर बिंदू ठेवायचा. फोनची आडवी चूक इथं निरुपद्रवी होते, कारण आता आपण आडवं मोजतच नाही, रस्त्याच्या लांबीवर मोजतोय. शाखा अभियंता साहेबांचा साखळी क्रमांक तो हाच! फक्त सुरुवात मुंबईच्या दगडापासून न धरता जवळच्या चौकापासून धरली.

शाखा_अभियंता_निवृत्त

हे वाचून फार आनंद झाला. जवळच्या चौकापासून मोजलं तर वळणरस्त्याने होणारा घोळही त्या दोन चौकांपुरताच राहतो. आमच्या वेळी हे सुचायला हवं होतं.

लालपरी_चालक

बरीच वर्षं एसटी चालवली. माझं दोन गोष्टींवर म्हणणं आहे.

एक. कोकणात थांब्याचं नाव गावाचं असतं, पण थांबा असतो फाट्यावर. गाव आत दोन-तीन किलोमीटर. नकाशात गावाचं नाव टाकून शोधलं की खूण गावाच्या मध्यावर, देवळापाशी जाते. तुमच्या यादीत "अमुक गाव, वळण" असं लिहिलं असेल आणि कुणी नावावरून शोधलं, तर रुग्णवाहिका गावात शिरेल. "फाटा" हा शब्द प्रत्येक नोंदीत लिहाच.

दोन. जागा नोंदवताना लोक गाडी थांबवून, उतरून बटण दाबतात. उतरतात कुठं? रस्त्याच्या कडेला, झाडाखाली, कधी सेवा रस्त्यावर गाडी लावून चालत येतात. बिंदू मग तिथला येतो. त्यापेक्षा अर्धा किलोमीटर आधीपासून नोंद चालू करा, गाडी त्या बाजूनेच न्या आणि जागेवरून जाताना नुसती खूण करा. गाडी कुठल्या रस्त्याने, कुठल्या तोंडाने आली ते आपोआप कळेल.

मुक्ता_नाशिक

लालपरीदादा, तुमची दुसरी गोष्ट सोन्यासारखी आहे, आणि तिच्यामागे पक्कं शास्त्र आहे.

एकट्या बिंदूला कुठला रस्ता ते ठरवणं अवघड. बिंदूंची रांग असली की सोपं होतं. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या न्यूसन आणि क्रुम यांनी २००९ मध्ये मांडलेली पद्धत आज सर्रास वापरतात. प्रत्येक बिंदूला जवळच्या सगळ्या रेषा उमेदवार. रेषा जितकी जवळ तितकी तिची शक्यता जास्त. पण त्याच बरोबर हेही बघायचं की एका बिंदूच्या उमेदवारावरून पुढच्या बिंदूच्या उमेदवारावर रस्त्याने जायला किती अंतर पडतं, आणि ते दोन बिंदूंमधल्या सरळ अंतराशी मिळतंय का. गाडी मुख्य रस्त्यावर असताना मधला एकच बिंदू सेवा रस्त्याकडे सरकला, तर तिथं उतरून परत वर चढायला वाटच नसते किंवा मोठा वळसा पडतो. म्हणून ती शक्यता गळून पडते. सगळी रांग मिळून सर्वांत पटणारी वाट निवडली जाते. व्हॅलहाला आणि ओएसआरएम या दोन्ही मोफत साधनांत हे तयार मिळतं, दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपवर चालतात.

आणखी एक काळजी घ्या. नॅव्हिगेशन चालू असताना स्क्रीनवरचा बाण म्हणजे कच्चा जीपीएस बिंदू नव्हे. ॲपने तो आधीच त्याच्या मते बरोबर असलेल्या रस्त्यावर ओढून ठेवलेला असतो. तो बघून नोंद केली तर एका नकाशाची चूक दुसऱ्या नकाशात भरली जाते.

कांदेपोहे_कोडर

मुक्ता आणि दादा, मान्य. माझी क्वेरी निव्वळ अंतरावर होती. पण एक मुद्दा मी सोडणार नाही. किती नेमकेपणा लागतो ते नोंदीगणिक ठरवा. रस्ते वाहतूक मंत्रालय ज्याला ब्लॅक स्पॉट म्हणतं तो मुळात ५०० मीटरचा पट्टा असतो, ज्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले किंवा १० माणसं गेली. पट्ट्याचा मध्य २० मीटर हलला तर काही बिघडत नाही, बाजू आणि रस्ता बरोबर आला की पुरे. दुभाजकातल्या फटीला मात्र १० मीटरही जास्त. सगळ्याच नोंदींना एकच कडक नियम लावलात तर काम वर्षभर संपायचं नाही.

घाटवाट

कोडर +१.

घाटाबद्दल मला भर घालायची आहे. "चौकापासून इतके मीटर" हे सपाटीवर ठीक. घाटात दोन नकाशांची लांबीच जुळत नाही. एकाने नागमोडी वळण पंधरा बिंदूंनी काढलेलं असतं, दुसऱ्याने चार बिंदूंनी, म्हणजे वळणाचे कोपरे कापत. कोपरे कापले की रेषा आखूड होते. अशी दहा-बारा वळणं ओलांडून "२१०० मीटर" मोजलं की दुसऱ्या नकाशावर खूण पुढच्या वळणावर जाते! वळणाच्या आत अपघात की बाहेर, यात दरीची बाजू बदलते हो.

त्यामुळे मीटरऐवजी प्रमाण द्यावं. अलीकडचा चौक ते पलीकडचा चौक या लांबीच्या १०० पैकी ६२ भागांवर, असं. दोन्ही नकाशांत रेषा सारख्याच प्रमाणात आखूड झाली असेल तर खूण बरीच बरोबर येते. आणि घाटात चौक लांबलांब असतात, तेव्हा मधे पूल, मोरी, देऊळ, चौकी असं काही पक्कं असेल ते आधाराला घ्या.

कालव्याकाठी

घाटवाट, अगदी बरोबर. ओपनएलआरच्या आटोपशीर बिट-रूपातही बिंदूचं अंतर मीटरमध्ये नसतं, लांबीच्या २५६ भागांपैकी किती असं असतं.

आपल्याकडे वापरताना एक अडचण येईल ती रस्त्याच्या दर्जाची. ओपनस्ट्रीटमॅपवर भारतात राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग यांना ठरलेल्या पायऱ्या आहेत. दुसऱ्या नकाशात तोच रस्ता रुंदीवरून किंवा वाहतुकीवरून एक पायरी वरखाली ठेवलेला असू शकतो. म्हणून दर्जा तंतोतंत जुळायलाच हवा असा हट्ट धरू नका, एका पायरीचा फरक चालवून घ्या. एकीकडे रस्ता एकाच रेषेने काढलाय आणि दुसरीकडे चौपदरी म्हणून दोन रेषांनी, हेही सर्रास दिसतं. तिथं बाजू लिहिलेली असेल तरच वाचाल.

रानफुलं_शांघाय

विषय निघालाच आहे म्हणून. चीनमध्ये नकाशांना जीसीजे-०२ नावाची पद्धत कायद्यानेच लागू आहे. खऱ्या जागेपासून बिंदू काहीशे मीटर सरकवलेला असतो, तोही सगळीकडे सारखा नाही. फोनचा कच्चा बिंदू इथल्या नकाशावर टाकला की माणूस नदीत उभा दिसतो. आल्या आल्या मला वाटलं फोन बिघडला!

सावित्रीकाठ

बाप रे. रानफुलं, आमच्याकडे असं काही नाही ना? विचारायचं कारण, यादीतले काही पाण्याचे झरे आणि जुन्या पायवाटा एका मास्तरांनी फार पूर्वी सर्व्हेच्या टोपोशीटवरून, म्हणजे सरकारी छापील नकाशांवरून, उतरवून ठेवल्या होत्या. त्या सगळ्याच वायव्येला सरकवल्या तर बरोबर बसतील असं वाटतं.

मुक्ता_नाशिक

हे वेगळं प्रकरण आहे सावित्रीकाठ, आणि सुदैवाने सुटणारं आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट १८३० या पृथ्वीच्या आकारमानावर बेतलेल्या आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या दुसऱ्या आकारमानावर. तेच आकडे दुसऱ्या पद्धतीत वाचले तर कोकणात जागा शंभर मीटरच्या आसपास सरकते, सगळी एकाच दिशेला. २००५ च्या नकाशा धोरणानंतर आलेल्या ओपन सिरीज नकाशांत डब्ल्यूजीएस ८४ वापरलं आहे, पण मास्तरांच्या शीट त्याआधीच्या असणार. क्यूजीआयएस या नकाशाच्या मोफत साधनात त्या नोंदींना मूळ पद्धत सांगून रूपांतर करून घ्या. हाताने ओढत बसू नका.

ओळखायची खूण अशी. सगळे बिंदू एकाच दिशेला, सारख्याच अंतराने चुकत असतील तर पद्धत चुकली. कुणी इकडे कुणी तिकडे चुकत असेल तर जीपीएस किंवा रेखाटन.

नकाशावेडा_सोलापूर

मी ओपनस्ट्रीटमॅपवर जमेल तसे रस्ते भरतो, त्या बाजूने दोन विनंत्या.

ओपनस्ट्रीटमॅपमधल्या रेषेच्या क्रमांकावर विसंबू नका. तिथं प्रत्येक रेषेला क्रमांक असतो, पण तो कायमचा नाही. कुणी मधल्या पुलाला पूल म्हणून दाखवलं, कुणी काही भागाला वेगमर्यादा घातली, की एका रेषेचे तीन तुकडे होतात आणि जुना क्रमांक एकाच तुकड्याकडे राहतो. तुमची फट नेमकी दुसऱ्या तुकड्यावर असली तर दुवा तुटला. २०२२ च्या डिसेंबरात ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस, मेटा, मायक्रोसॉफ्ट आणि टॉमटॉम यांनी मिळून ओव्हरचर मॅप्स सुरू केलं, त्यात टिकाऊ ओळख-क्रमांक देण्याचा प्रयत्न चाललाय. तिकडे लक्ष ठेवायला हरकत नाही, पण तुमच्या यादीत वर्णन असलंच पाहिजे.

दुसरी. गूगलच्या नकाशावर बघून ओपनस्ट्रीटमॅपवर जागा किंवा नावं भरू नका. परवाना नाही, आणि सापडलं की ती भर पुसली जाते. स्वतः जाऊन नोंदवलेलं मात्र बिनधास्त भरा. दुभाजकातल्या फटी, चढउताराचे फाटे नकाशातच नीट भरले गेले तर पुढं जुळवायचं काम निम्मं होईल. मी मदत करतो.

शाखा_अभियंता_निवृत्त

हे सगळं यंत्राचं झालं. माझा आग्रह आहे की शेवटी प्रत्येक जागेवर माणूस जाऊन उभा राहिला पाहिजे. कागदावर बरोबर आणि जागेवर चूक असं मी फार पाहिलंय.

कांदेपोहे_कोडर

साहेब, आदर ठेवून असहमत. काहीशे जागा, त्यातल्या बहुतेक निर्विवाद. माणसं आधीच कमी, त्यांनी अपघाताला धावायचं की पडताळणी करत फिरायचं? यंत्राला फक्त निकाल विचारू नका, खात्रीही विचारा. पहिल्या आणि दुसऱ्या उमेदवाराच्या गुणांत मोठा फरक असेल तर पुढं जाऊ द्या. दोघं जवळजवळ सारखे आले तर ती जागा "तपासा" मध्ये. तिथं माणूस पाठवा.

शाखा_अभियंता_निवृत्त

असं असेल तर चालेल. पण उड्डाणपूल आणि कशेडीची तोंडं, गुण कितीही आले तरी, माणसानेच बघायची.

कांदेपोहे_कोडर

कबूल.

सावित्रीकाठ

मंडळी, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार. गटात काल बसून ठरवलं ते लिहितो, चुकत असेल तर सांगा.

प्रत्येक नोंदीत आता रस्त्याचं नाव, तोंड कुठल्या दिशेला, वर की खाली की सेवा रस्ता, अलीकडचा चौक किंवा फाटा, पलीकडचा चौक, आणि त्या दोघांमधलं प्रमाण जाईल. अक्षांश-रेखांश पाच अंकी राहतील, त्यासोबत फोनने सांगितलेली अचूकता आणि नोंदीची तारीख. नव्या नोंदी लालपरीदादांच्या पद्धतीने, गाडी चालती ठेवून. मागची फीत, म्हणजे गाडीच्या वाटेची जीपीएस नोंद, जपून ठेवायची. जुन्या नोंदी आधी यंत्राने, मग अडलेल्या माणसाने.

दोन शंका उरल्या. दवाखान्याचं मागचं फाटक रस्त्यावर नाहीच, आत बोळात आहे. ते कुठं चिकटवायचं? आणि कशेडीच्या जुन्या घाटातल्या नोंदी आता काढून टाकायच्या का?

कालव्याकाठी

फाटकाला दोन जागा द्या. एक प्रत्यक्ष फाटक, आणि दुसरी मुख्य रस्त्यावरून जिथं वळायचं ती. जुळवायची फक्त दुसरी, फाटकाचा बिंदू आहे तसाच राहू दे. नाहीतर फाटकाला सर्वांत जवळचा म्हणून कुंपणामागचा रस्ता निवडला जाईल, आणि तिथून आत जायला वाट नसते.

लालपरी_चालक

घाटातल्या नोंदी अजिबात काढू नका. बोगदा दुरुस्तीला बंद केला, दरड आली, आत गाडी अडकली, की सगळी वाहतूक जुन्या घाटानेच वळवतात आणि तेव्हाच तिथं ठोकाठोकी होते. फक्त रस्त्याच्या रकान्यात "जुना घाट" आणि "बोगदा" असं स्वच्छ वेगळं लिहा. बोगद्यात जीपीएस मिळत नाही, तिथली जागा तोंडापासूनच्या अंतराने लिहावी लागेल. पोलादपूर ते खेड पडताळणीला मी यायला तयार आहे, त्या रस्त्याची वळणं मला पाठ आहेत. निरोप ठेवा.

नकाशावेडा_सोलापूर

सावित्रीकाठ, बोगद्याची दोन्ही तोंडं आणि जुन्या घाटाचे फाटे मी आज रात्री ओपनस्ट्रीटमॅपवर तपासून इथं लिहितो. तुमच्याकडे तिथल्या फिती असतील तर पाठवून द्या, रेषा त्यावरून नीट करता येईल.